पदवीवाचून बावीस वर्षे
एलीन कस्ट यांचे चरित्र

पोळ्याच्या दिवशी आपण बैलांना न्हाऊ घालतो, त्यांच्या शिंगांना बेगड लावतो, गळ्यात माळा घालतो आणि पुरणपोळीचा घास भरवतो. वसुबारसेला गायवासराची पूजा केल्यावाचून आपल्या घरांत दिवाळी सुरू होत नाही. परंतु त्याच बैलाचे पोट फुगले किंवा तीच गाय विताना अडली, म्हणजे मध्यरात्री कंदील घेऊन ज्याला हाका मारीत जावे लागते, त्या पशुवैद्याला आपल्या बैठकीत कोणते स्थान मिळते, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा. माणसांचा डॉक्टर जावई मिळाला तर पत्रिका छापण्यापूर्वीच वार्ता गावभर होते. गुराढोरांचा डॉक्टर म्हटला की आवाज जरा खाली येतो. आणि घरातल्या मुलीनेच हा अभ्यासक्रम निवडावयाचे ठरवले, तर खाली येणारा आवाज पुष्कळदा अजिबात बंद होतो.

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी थोरांची चरित्रे येतात. यंदा आम्ही ज्या स्त्रीचे चरित्र सादर करीत आहोत, तिचा आपल्या ज्ञातीशी किंवा आपल्या देशाशी काहीही संबंध नव्हता. ती आयर्लंडात जन्मली, स्कॉटलंडात शिकली आणि दूर जमेका बेटावर निवर्तली. तथापि तिच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो आपल्या घराघरांतलाच आहे. म्हणून हा प्रपंच.

एलीन इझाबेल कस्ट यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८६८ रोजी आयर्लंडातील टिपरेरी गावाजवळ झाला. वडील सर लिओपोल्ड कस्ट हे बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरागत किताब असलेले सरदार असून तेथील जमीनदारीचा कारभार पाहत असत. सहा भावंडांत एलीन चौथी. आयर्लंड हा हिरव्या कुरणांचा देश. घोडा आणि गाय ही तेथील संपत्ती. घराभोवती तबेले, कुत्री, गुरे आणि वासरे. अशा वातावरणात वाढलेल्या या मुलीला लहानपणापासून जनावरांचा लळा लागला. त्यात नवल काही नव्हते. खानदानी घरांतील मुलींनी घोड्यावर बसावे, कुत्री पाळावीत, हे त्या समाजात शोभेचे मानले जाई. पण लळा निराळा आणि व्यवसाय निराळा, ही रेघही तितकीच ठळक होती.

१८७८ साली वडील वारले. त्यावेळी एलीन दहा वर्षांची होती. कुटुंब इंग्लंडात येऊन राहिले. पुढे आईची नेमणूक व्हिक्टोरिया राणीच्या अंतःपुरातील परिवारात झाली. घराण्याचा संबंध थेट राजवाड्याशी जडला आणि लोकलज्जेचे ओझेही त्या मानाने वाढले. मोठेपणी एलीनबाईंनी प्रथम लंडनच्या इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास आरंभ केला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्यामुळे रुग्णसेवा हे क्षेत्र तोवर कुलीन स्त्रियांना मोकळे झाले होते. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही. आपला रोगी माणूस नव्हे, मुके जनावर आहे, हा त्यांचा निश्चय झाला आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या पशुवैद्यकाकडे वळल्या.

येथे त्या विद्येची तत्कालीन स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. शतकानुशतके युरोपात जनावरांचे औषधपाणी नालबंदांच्या हाती होते. १७६२ साली फ्रान्समधील लिआँ शहरात क्लोद बूर्झला यांनी पशुवैद्यकाची पहिली शाळा सुरू केली. लंडनची शाळा १७९१ मध्ये निघाली आणि एडिंबरो येथे विल्यम डिक यांनी १८२३ साली अध्यापन आरंभले. १८४४ मध्ये राजसनदेने रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स ही संस्था स्थापन झाली. नावात कॉलेज असले तरी ही संस्था शिकवीत नसे. शिकवावयाचे शाळांनी आणि परीक्षा घेऊन पट्टावर नाव चढवावयाचे या संस्थेने, अशी ती वाटणी होती. १८६५ साली ब्रिटनमध्ये बुळकांडीची साथ शिरली आणि लाखो गुरे दगावली. तेव्हा शिकलेल्या पशुवैद्यांवाचून राष्ट्राची शेती टिकत नाही, हे सरकारला उमगले. पुढे १८८१ च्या कायद्याने रॉयल कॉलेजच्या पट्टावर नाव असल्यावाचून कोणालाही स्वतःस पशुवैद्य म्हणवून घेण्यास मनाई झाली. कायदा योग्य होता. वैदूगिरीला त्याने आळा बसला. परंतु त्याच कायद्यामुळे परीक्षेच्या दाराची किल्ली एकाच संस्थेच्या हाती गेली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. एलीनबाईंच्या आयुष्याची सारी कहाणी या एका किल्लीभोवती फिरते.

विल्यम विल्यम्स हे एडिंबरो येथील नामांकित अध्यापक. डिक यांची शाळा सोडून त्यांनी १८७३ मध्ये त्याच शहरात न्यू व्हेटरिनरी कॉलेज काढले होते. १८९४ साली त्यांनी एलीनबाईंना आपल्या महाविद्यालयात प्रवेश दिला. एडिंबरोला हा प्रश्न नवा नव्हता. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक व त्यांच्या सहा मैत्रिणी तेथील विद्यापीठात वैद्यक शिकावयास आल्या होत्या आणि चार वर्षांच्या झगड्यानंतर स्कॉटलंडच्या श्रेष्ठ न्यायालयाने त्यांना पदवी नाकारण्याचा विद्यापीठाचा हक्क मान्य केला होता. पुढे माणसांच्या वैद्यकाची दारे स्त्रियांना हळूहळू उघडली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे वाचकांना ठाऊक आहेच. पशुवैद्यकाचे दार मात्र बंदच होते. स्त्रीने स्त्रीची नाडी पाहावी, हे लोकांना पटू लागले होते. स्त्रीने घोड्याचा खूर मांडीवर घ्यावा, गाईच्या गर्भाशयात हात घालावा, वळूला आवरावे, ही कल्पनाच सभ्य समाजाला सोसवत नव्हती.

महाविद्यालयाच्या पटावर त्यांनी आपले आडनाव कस्ट असे न लिहिता कस्टन्स असे लिहिले. घराण्याच्या नावाला आपल्या शिक्षणाने बट्टा लागू नये, ही त्यामागील दृष्टी. वाचकहो, या एका गोष्टीपाशी आम्हांला थांबावेसे वाटते. चोरी करणारा नाव बदलतो, फरारी नाव बदलतो. येथे एक मुलगी विद्या शिकण्यासाठी नाव बदलते! आपल्या समाजात मुलींनी नाव बदलले नसेल. पण कोणता अभ्यास चालला आहे ते पाहुण्यांना सांगू नकोस, अशी ताकीद मिळालेल्या मुली आपल्या घरांतही झालेल्या आहेत. त्यांना कस्टन्स या आडनावाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तो अभ्यासही सोपा नव्हता आणि आजही नाही. माणसांच्या वैद्याला एका देहाची ओळख करून घ्यावी लागते, पशुवैद्याला अनेकांची. गाईच्या पोटाला चार कप्पे, ती रवंथ करणारी. घोड्याचे पोट एकच आणि लहान, त्याला ओकारी करता येत नाही, म्हणून साधा पोटशूळही त्याच्या जिवावर बेतू शकतो. कुत्र्याचे आतडे आखूड, मेंढीचे लांबलचक. एकाला मानवणारे औषध दुसऱ्याला विष ठरते. शिवाय रोगी बोलत नाही. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे त्याच्या कानांच्या ठेवणीवरून, उभे राहण्याच्या ढबीवरून, शेणामुतावरून आणि श्वासावरून ओळखावे लागते. शवविच्छेदन, रसायन, वनस्पती, औषधी, रोगविज्ञान, शस्त्रक्रिया, नालबंदी, सारे काही आत्मसात करावे लागते. एलीनबाईंनी हे परिश्रम आनंदाने केले आणि प्राणिशास्त्रात सुवर्णपदक मिळवले.

पण महाविद्यालयाचे पदक म्हणजे रॉयल कॉलेजची सनद नव्हे. १८९७ साली त्या परीक्षेस बसावयास निघाल्या, तेव्हा रॉयल कॉलेजने त्या स्त्री असल्याकारणाने परवानगी नाकारली. त्यांच्या ज्ञानात उणीव होती असे कोणी म्हटले नाही. ज्ञान तपासण्याचीच वेळ येऊ दिली नाही. एलीनबाई एडिंबरोच्या न्यायालयात गेल्या. जेक्स-ब्लेक प्रभृतींना ज्या न्यायालयाने विन्मुख पाठवले होते, तेच हे न्यायालय. रॉयल कॉलेजचे ठाणे लंडनला असल्यामुळे हा खटला आमच्या अधिकारकक्षेत येत नाही, असे सांगून त्याने प्रकरण निकालात काढले. न्याय की अन्याय, हा प्रश्न तसाच राहिला. लंडनच्या न्यायालयात एलीनबाईंनी तो पुढे नेला नाही. त्या वर्गात परत जाऊन बसल्या.

आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग हाच होय. परीक्षेला बसता येणार नाही हे समजून चुकल्यावर उरलेला अभ्यासक्रम कोण पुरा करील? आपल्याकडे परीक्षेत न येणारा धडा विद्यार्थी वाचीत नाहीत आणि पालकही त्यांना दोष देत नाहीत. एलीनबाईंनी पदवीची आशा नसताना शिक्षण चालू ठेवले आणि १९०० साली ते पूर्ण केले. विल्यम्स यांनी आपल्या सहीचे प्रशस्तिपत्र त्यांना दिले. त्याच वर्षी ते गुरुवर्य कालवश झाले. एका शिक्षकाची सही, एवढ्याच भांडवलावर त्या आयर्लंडला परतल्या.

पश्चिम आयर्लंडातील रॉसकॉमन परगण्यात विल्यम बर्न नावाचे सनदी पशुवैद्य होते. स्त्रियांच्या हक्कांबद्दल त्यांना आस्था होती. त्यांनी एलीनबाईंना आपल्या हाताखाली सहायक म्हणून घेतले. एका गुरूने विद्या दिली, दुसऱ्या गृहस्थाने ती वापरण्यास जागा दिली. या दोन पुरुषांचे स्मरण एलीनबाईंच्या चरित्रात आवर्जून केले पाहिजे, कारण परंपरेने बंद केलेले दार बाहेरून कितीही ठोठावले तरी आतून कोणी तरी कडी काढावी लागते.

रॉसकॉमनचे शेतकरी गरीब, जमिनी थोड्या, पाऊस बारमाही. एखादी गाय गेली तर घरचा वर्षाचा आधार जाई. अशा लोकांना पट्टावरचे नाव दाखवून काय उपयोग? गाय वाचली की नाही, एवढेच ते पाहत. चिखलाच्या रस्त्यांनी, रात्रीबेरात्री ही सरदारकन्या गोठ्यागोठ्यांतून जाऊ लागली. अडलेले वासरू सोडवणे, लंगडणाऱ्या घोड्याचा खूर तासणे, शिंगरे खच्ची करणे, यांतील कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. आरंभी कुतूहलाने पाहणारे लोक पुढे विश्वासाने बोलावू लागले.

१९०५ साली शेजारच्या गॉलवे परगण्याच्या मंडळाने जनावरांच्या साथीच्या रोगांसाठी पशुवैद्य निरीक्षकाच्या जागेवर एलीनबाईंची निवड केली. रॉयल कॉलेजने हरकत घेतली. ज्यांचे नाव आमच्या पट्टावर नाही त्यांना पशुवैद्य कसे म्हणता, असा आक्षेप. आणि पट्टावर नाव का नाही, तर आम्हीच परीक्षेस बसू दिले नाही म्हणून! सरकारी खात्यानेही नेमणुकीस संमती दिली नाही. अखेरीस तडजोड निघाली. काम तेच, जबाबदारी तीच. केवळ नावातील पशुवैद्य हा शब्द वगळून त्यांना नुसते निरीक्षक म्हणावयाचे ठरले. शब्द काढून घेतला, पण विद्या काढून घेता आली नाही.

१९१० मध्ये बर्न वारले आणि सारा व्यवसाय एलीनबाईंच्या शिरावर आला. पाच वर्षे त्यांनी तो एकटीने सांभाळला. तोवर युरोपात महायुद्ध पेटले होते. ते जसे माणसांचे युद्ध होते तसेच घोड्यांचेही होते. तोफा ओढावयास, दारूगोळा व अन्न वाहावयास लाखो घोडे आणि खेचरे आघाडीवर नेली जात. गोळ्यांनी मरत त्यांहून अधिक जनावरे थकव्याने, थंडीने, खरजेने आणि संसर्गाने खंगत. १९१५ साली एलीनबाई व्यवसाय मागे ठेवून फ्रान्सला गेल्या. सैन्याच्या पशुवैद्यक पथकात स्त्रियांना जागा नव्हती. म्हणून त्या ख्रिस्ती तरुण संघाच्या स्वयंसेविका म्हणून अबेव्हिल येथे राहिल्या आणि तेथील घोड्यांच्या इस्पितळांत मदत करू लागल्या. जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेतही त्यांनी काम केले आणि १९१८ मध्ये सैन्याच्या स्त्री-साहाय्यक दलात अधिकारपद सांभाळले. येथेही तीच रीत: काम पशुवैद्याचे, नाव दुसरेच.

युद्धाने पुष्कळांचे डोळे उघडले. १९१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की, केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणालाही व्यवसायास किंवा पदास अपात्र ठरवता येणार नाही. रॉयल कॉलेजला आता दार अडवून धरता येईना. एलीनबाईंनी पुन्हा अर्ज केला. त्यांची युद्धसेवा व अनुभव लक्षात घेऊन केवळ तोंडी परीक्षा घेण्यात आली आणि २१ डिसेंबर १९२२ रोजी रॉयल कॉलेजची सनद त्यांच्या हाती पडली. ब्रिटन व आयर्लंडमधील पहिली सनदी स्त्री-पशुवैद्य म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले.

पण वाचकांनी येथे टाळ्या वाजवून थांबू नये. परीक्षा नाकारली तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. सनद मिळाली तेव्हा चौपन्न वर्षांच्या. शिक्षण संपल्यापासून बावीस वर्षे लोटली होती. दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, त्यांनी आयर्लंडातील व्यवसाय आवरला आणि इंग्लंडात हँपशर परगण्यात जाऊन राहिल्या. जी पदवी आयुष्याच्या उंबरठ्यावर हवी, ती मावळतीला मिळाली. असा विलंब सत्काराने भरून निघत नसतो. बावीस वर्षे ज्यांना ज्यांना त्यांचा सल्ला नावानिशी मिळावयास हवा होता, ज्या मुलींनी त्यांच्याकडे पाहून हा मार्ग धरला असता, त्या सर्वांचे नुकसान कोणत्याच वहीत नोंदलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विल्यम्स यांचे महाविद्यालय १९०४ मध्ये एडिंबरोहून लिव्हरपूलला हलले व तेथील विद्यापीठाचे अंग बनले. पुढे १९२३ साली नियमित अभ्यासक्रमाने, इतर विद्यार्थ्यांच्या रांगेत बसून सनद मिळवणारी पहिली मुलगी एडिथ नाइट ही त्याच लिव्हरपूलची. विल्यम्स यांनी १८९४ मध्ये ज्या संस्थेत एका मुलीला बसू दिले, त्याच संस्थेच्या वंशाला एकोणतीस वर्षांनी हे फळ आले.

उतारवयात एलीनबाईंची प्रकृती ढासळली होती. मित्रमंडळींना भेटावयास त्या जमेकाला गेल्या असता २९ जानेवारी १९३७ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. मृत्युपत्रात त्यांनी पाच हजार पौंडांची रक्कम पशुवैद्यकातील संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवली होती आणि ती देताना स्त्रियांना प्राधान्य द्यावे, अशी इच्छा नमूद केली होती. ती रक्कम त्यांनी कोणाच्या हवाली केली? ज्या रॉयल कॉलेजने पंचवीस वर्षे त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच्याच! सूडाची भावना मनात असती तर असे दान घडते ना. आपल्याला जे सोसावे लागले ते पुढच्या मुलीला सोसावे लागू नये, एवढाच त्यामागील हेतू.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई पशुरुग्णालयाच्या आश्रयाने पशुवैद्यक महाविद्यालय निघाले ते १८८६ साली, म्हणजे आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्याच वर्षी. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळाही प्रथम १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झाली व मग हिमालयातील मुक्तेश्वरला गेली. ज्या बुळकांडीने आपल्या पूर्वजांचे गोठे रिकामे केले, ती २०११ साली साऱ्या पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मनुष्याने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. ही कर्तबगारी ज्यांना आपण गुराढोरांचे डॉक्टर म्हणतो त्यांची आहे. आज महाराष्ट्रातील पशुवैद्यक महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत आणि तेथील वर्गांत मुली मुलांच्या बरोबरीने बसतात. कायद्याने दार केव्हाच उघडे केले आहे.

मग अडसर कोठे उरला? तो आपल्या माजघरात उरला, असे आम्हांला नम्रपणे सांगावेसे वाटते. मुलगी शेणामुतात हात घालणार का, हिला स्थळ कोण देणार, नातलगांत काय सांगावयाचे, या प्रश्नांना कोणतेही पार्लमेंट उत्तर देऊ शकत नाही. ते वडीलधाऱ्यांनीच दिले पाहिजे. शेणाने सारवलेल्या अंगणात आपल्या आज्या-पणज्यांनी संसार केले, गाईची वार पडेपर्यंत त्या रात्र रात्र गोठ्यात बसल्या. त्या हातांना आपण कधी अमंगळ मानले नाही. तेच काम विद्येने करावयास निघालेल्या नातीची लाज कशाला वाटावी?

मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीस देणगी देणाऱ्या बंधुभगिनींना आमची एकच विनंती आहे. देणगीपत्रावर अभियंता व डॉक्टर यांच्याबरोबर पशुवैद्यकाचे नावही लिहावे आणि या अभ्यासाला जाणाऱ्या मुलामुलींचा सत्कार वार्षिक मेळाव्यात इतरांच्याच व्यासपीठावर करावा. रक्कम लहान असली तरी चालेल. एलीनबाईंना पैशांची वाण नव्हती. वाण होती ती आपल्या खऱ्या आडनावाने पटावर सही करण्याच्या मोकळीकीची. आपल्या ज्ञातीतील एकाही मुलीला आपले आडनाव लपवून विद्या शिकावी लागू नये, इतके जरी आपण केले, तरी या चरित्राचे वाचन सार्थकी लागले, असे आम्ही समजू.